विकाऊ बंगल्यातलं बिऱ्हाड

नूरमहंमद ट्रेसरच्या हातून जन्मभरात पुष्कळ घरं झाली, पण ती सगळी कापडावर. बेलापूरच्या कालवा कचेरीत तो सव्वीस वर्षं नकाशे उतरवीत होता. साहेबानं पेन्सिलीनं कच्चं काढून द्यायचं, नूरमहंमदनं त्यावर ट्रेसिंगचं निळसर कापड ताणायचं आणि श्वास धरून काळ्या शाईनं पक्कं करायचं. मोऱ्या, पूल, चौक्या, ओव्हरसियरांची घरं. त्याची रेघ कुठं सुरू झाली आणि कुठं थांबली हे भिंग लावूनही सापडायचं नाही, असं कचेरीत म्हणत. वडील नगरात झेंडीगेटाजवळ पुस्तकं बांधायचं काम करीत. हाताचं हे कसब त्यांच्याकडून आलेलं.

स्वतः तो राहत होता कचेरीमागच्या चाळीत, दोन खोल्यांत. बायको मेहताब, मुलगी सुरय्या आणि तो. खोल्यांना एकच खिडकी, तीही सिमेंटच्या गोदामाकडं उघडणारी. मधल्या भिंती आढ्यापर्यंत गेलेल्याच नव्हत्या, वर हातभर मोकळं होतं. त्यामुळं डावीकडच्या घरात भाकरी थापली की इकडं ऐकू यायची आणि इकडं कुणी शिंकलं की उजवीकडची म्हातारी चपराशीण 'शंभर वर्षं जग' म्हणायची. माणसं सगळी चांगली होती. पण नवरा-बायकोनं एकमेकांशी जे बोलायचं असतं, ते त्या खोल्यांत कधी बोललं गेलं नाही. मीठ संपलंय, सुरय्याला खोकला आहे, उद्या बाजार आहे, एवढ्यावर त्यांचा संसार सतरा वर्षं चालला होता.

गावापासून दीड-दोन मैलांवर, कालव्याच्या काठानं गेलं की आलमबाग लागायची. आलम हे मुळात हॅलम. कालव्याचा मोठा इंजिनियर. कालवा पुरा झाल्यावर या माणसाचं मन इथंच गुंतलं. त्यानं काठाची जमीन घेतली, मोसंबीची बाग लावली आणि मध्ये बंगला बांधला. लोकांच्या तोंडी हॅलमचा आलम झाला आणि बाहेरगावचा एखादा फकीर आलमसाहेबाचा दर्गा कुठं म्हणून विचारीत यायचा. सहा पायऱ्या चढून जावं लागे एवढं जोतं, तिन्ही बाजूंनी रुंद व्हरांडा, मंगळुरी कौलं, हिरव्या झिलमिलीच्या उंच खिडक्या, आणि आपल्या नगरकडच्या थंडीत वर्षातले चार दिवस पेटणारी भिंतीतली शेगडी. चोवीस साली या घराचा नकाशा नूरमहंमदनंच उतरवला होता. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. जेवणाची खोली चोवीस बाय अठरा, पूर्वेच्या कोपऱ्यातली निजायची खोली सोळा बाय सोळा, तिला दोन अंगांनी खिडक्या. तो कोपरा उतरवताना त्याचा हात जरा रेंगाळला होता. इथं सकाळी ऊन कसं येईल, हे त्याला कापडावरच दिसलं होतं.

घर पुरं झाल्यावर मात्र तो वीस-बावीस वर्षांत आत गेला तो फक्त साहेबाच्या लिहायच्या खोलीत, बाजूच्या दारानं, कागद घेऊन, उभ्यानं.

चव्वेचाळीस साली हॅलमसाहेब वारले. त्यांना तिथंच बागेच्या टोकाला पुरलं. आणि सेहेचाळीसच्या मार्चात मेमसाहेबांनी नूरमहंमदला बोलावून घेतलं.

मेमसाहेब साठीच्या पुढच्या, उंच, उन्हानं तांबूस झालेल्या. वीस वर्षं माळ्यांशी बोलून त्यांची स्वतःची अशी एक भाषा तयार झाली होती, निम्मी मराठी, निम्मी हिंदुस्तानी.

"नूरमहंमद, घर विकायचा है," त्या म्हणाल्या. "माझी बहीण तिकडे एकटी. मी इकडे एकटी. नकाशा वाळवीने खाल्ला. नवा काढून पाहिजे."

पुढल्या रविवारी तो टेप घेऊन गेला. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं मेमसाहेबांच्या. अशी दोघं खोलीमागून खोली मापत निघाली. मापं त्याला तोंडपाठ होती, पण घरात शिरायला टेप हवा होता. जेवणाच्या खोलीत त्यानं वर पाहिलं आणि तो माप सांगायचं विसरला. कापडावर उंची नसते. आढ्याखालच्या गोल झरोक्यातून उजेडाची एक तिरीप खाली टेबलावर पडली होती. पूर्वेच्या कोपऱ्यातल्या खोलीत तो उगाच दोनदा मापं घेत राहिला.

"आवडला?" मेमसाहेबांनी विचारलं.

"जी. कापडावर होता त्यापेक्षा बरा झालाय."

त्या हसल्या. मग टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "बोटीत जागा मिळत नाही. लढाईचे शिपाई आधी जाणार. मी पुण्याला मैत्रिणीकडे राहते. पण रिकामा घर कोणी घेत नाही, नूरमहंमद. रिकाम्या घराला वास येतो. तू इकडे राहा. बीबीला आण, बेटीला आण. चूल पेटू दे. लोक पाहायला येतील, त्यांना दाखव. विकला, की जा."

तो कालव्याच्या काठानं परत आला तो सायकलवर न बसताच, सायकल हातात धरून.

मेहताब भाकऱ्या करीत होती. ती राहुरीकडच्या एका खेड्यातल्या शेतकरी मुसलमानाची मुलगी. घरी दारी मराठीच बोलणारी, हाडानं काटक आणि बोलण्यात सरळ. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तव्यावरची भाकरी उलटली.

"न्हाई जायाचं," ती म्हणाली.

"का?"

"पुन्हा हितंच यायाचं हाय न्हवं? मग या खोल्या आता हायेत तेवढ्या ऱ्हानार न्हाईत. लहान व्हतील."

बोलणं भिंतीवरून पलीकडं गेलंच होतं. पलीकडून चपराशीण म्हणाली, "जा गं बाई, चार दिस मोकळं वारं मिळंल पोरीला." सुरय्या तेरा वर्षांची होती. तिनं आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आणि आपलं दप्तर भरायला घेतलं. त्यावरून ठरलं आणि तिघं गेली.

आलमबागेत पहिले आठ दिवस तिघं चोरासारखी राहिली. मागच्या स्वयंपाकघराला लागून एक साठवणीची खोली होती, तिथंच त्यांनी वळकट्या टाकल्या. मेहताबनं मेमसाहेबांच्या उंच ओट्याला हात लावला नाही, खाली तीन विटा मांडून चूल केली. सुरय्या तेवढी सबंध घरभर हिंडायची आणि येऊन सांगायची, "अम्मा, न्हाणीघरात एक टब आहे, त्यात माणूस अख्खं निजतं. अम्मा, एका खोलीत नुसती पुस्तकंच आहेत."

बागेचा माळी बन्सी आणि त्याची बायको छबूबाई विहिरीपलीकडं खोपटात राहत. छबूबाईनंच एक दिवस मेहताबला हाताला धरून पुढच्या व्हरांड्यात आणून बसवलं. "मेमसाब सांगून गेल्यात, घर वापरतं ठिवा म्हनून. तुमी बसला आडगळीत. आसं कुटं आसतंय का?"

मग घर हळूहळू त्यांच्याभोवती उलगडत गेलं. सकाळची नमाज झाली की मेहताब पूर्वेच्या व्हरांड्यात गवती चहाचा पेला घेऊन बसू लागली. सुरय्यानं पुस्तकांच्या खोलीतली खिडकी धरली. त्या खिडकीला बसण्याजोगी रुंद बैठक होती, तिथं पाय वर घेऊन ती शाळेचं वाचायची. नूरमहंमद कचेरीतून आला की वेताच्या आरामखुर्चीच्या कडेवर बसायचा. पंधरा दिवसांनी तो तिच्यात मागं रेलला. गुलाबांच्या दोन ओळींमधली माती मोकळी पडलेली पाहून मेहताबला राहवेना, तिनं तिथं मेथी टाकली. बन्सी डोकं खाजवीत म्हणाला, "मेमसाब काय म्हनतील?" ती म्हणाली, "मेथीला काय नाव ठेवतील?"

शेवटी त्यांनी वळकट्या कोपऱ्यातल्या खोलीत नेल्या. पलंगावर नाही, खालीच. पण ऊन मात्र त्यानं बावीस वर्षांपूर्वी कापडावर पाहिलं होतं तसंच आलं. आधी खिडकीच्या चौकटीवर, मग जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी, मग सुरय्याच्या केसांवर.

मे महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. दुपारची वेळ. पश्चिमेच्या दाराला वाळ्याचा पडदा भिजवून लावलेला. सुरय्या छबूबाईबरोबर बागेत गेली होती. बागेला तेव्हा ताण दिलेला होता. मोसंबीचं पाणी दीड-दोन महिने तोडायचं, पानं कोमेजू द्यायची, म्हणजे मृगात पाणी दिल्यावर झाडं अंगभर फुलतात. हे बन्सीनं सुरय्याला सांगितलं होतं, आणि ती रोज जाऊन कुठल्या झाडाची पानं किती गळाली ते पाहून यायची. नूरमहंमद जेवणाच्या खोलीत नकाशावर शाई भरीत होता. मेहताब दारात येऊन उभी राहिली.

"अजी," ती म्हणाली. तिचाच आवाज त्या उंच खोलीत फिरून तिच्याकडं आला. ती दचकली. मग हळूच म्हणाली, "हितं बोललेलं कुनाला ऐकू जातं?"

"कुणाला जाणार? बन्सीचं खोपट विहिरीपलीकडं. रस्ता तर आणखी लांब."

"मोठ्यानं बोललं तरी?"

"मोठ्यानं बोललं तरी."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, "अलीम."

अलीम त्यांचा मुलगा. सुरय्याच्या पाठचा. सात वर्षांपूर्वी, चार वर्षांचा असताना तापानं गेला. चाळीत ते घडलं तेव्हा शेजारणी येऊन बसल्या, त्यांनी चूल पेटवली, सगळं केलं. पण नंतरच्या दिवसांत, भिंतीपलीकडं माणसं जेवत असताना, निजत असताना, मोठ्यानं कसं रडायचं? मेहताबनं पदराचा बोळा तोंडात धरून दिवस काढले. पुढं पुढं त्या घरात अलीमचं नावही निघेनासं झालं.

आता तिनं ते नाव पुन्हा घेतलं, आणि तिसऱ्यांदा घेताना तिचा आवाज फुटला. ती अशी रडली की नूरमहंमद घाबरून उठला आणि सवयीनं खिडकी लावायला धावला. खिडकीच्या कडीवर त्याचा हात थांबला. बाहेर नुसतं ऊन होतं आणि बाग होती. खिडकी तशीच उघडी टाकून तो माघारी वळला, तिच्याजवळ फरशीवर बसला, आणि त्याचाही बांध सुटला.

संध्याकाळपर्यंत दोघं तिथंच होती. एकदा बोलायला लागल्यावर थांबता येईना. कालव्याला अलीम 'समिंदर' म्हणायचा. बापाच्या शाईच्या दौतीत त्यानं एकदा गूळ बुडवला होता आणि तोंड काळं करून घेतलं होतं. हे नूरमहंमदला ठाऊकच नव्हतं. मेहताबनं तेव्हा तो मार खाईल म्हणून लपवलं होतं. आणि मेहताबला ठाऊक नव्हतं की मुलगा गेल्यावर दोन महिने नूरमहंमद कचेरीतून सुटला की थेट घरी न येता पुलावर जाऊन बसायचा.

"मला वाटायचं, तुमाला काय वाटलंच न्हाई," मेहताब म्हणाली.

"मला वाटायचं, तू विसरलीस."

त्या दिवसापासून आलमबाग त्यांना सोडवेना.

गिऱ्हाइकं अधूनमधून येतच होती. कोपरगावचा एक व्यापारी आला. त्याला घर नको होतं, सागवान हवं होतं. त्यानं प्रत्येक चौकटीवर नखानं टकटक केलं आणि कौलांसकट काय काय निघेल याचा अंदाज घेतला. तो गेल्यावर मेहताबनं त्या सगळ्या चौकटी ओल्या फडक्यानं पुसून काढल्या. एका डॉक्टराला रस्ता लांब वाटला. एका इनामदाराला मेमसाहेबांचं लाल फुलझाड सोडून काहीच आवडलं नाही. ही माणसं आपोआप गेली, नूरमहंमदला काही करावं लागलं नाही.

पण मेच्या अखेरीला नाशिककडचे एक कंत्राटदार आले. सभ्य, शांत माणूस. त्यांनी घर फिरून पाहिलं, कोपऱ्यातल्या खोलीत जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "इथं माझ्या वडिलांना बरं वाटेल."

नूरमहंमद झटकन पुढं झाला. तो म्हणाला, "जागा चांगली आहे साहेब, पण उत्तरेच्या भिंतीला ओल आहे. फार ओल. पावसाळ्यात हात लावला तर हाताला पाणी लागतं. ओल अशी भिंतीत शिरली की पाया धरत नाही म्हणतात. आणि गेल्या साली न्हाणीघरात जनावर निघालं होतं."

"विषारी?"

नूरमहंमद म्हणाला, "आता ते आम्ही काय ओळखणार?"

धामण होती. बन्सीनं ती शेपटीला धरून बागेत नेऊन सोडली होती. कंत्राटदार विचारात पडले, आभार मानून निघून गेले. मेहताब आतल्या दाराआड उभी होती.

"तुमी खोटं बोल्लात?"

"खोटं कुठं? भिंतीला ओल आहेच."

"हाय. पर जेवढी हाय तेवढीच सांगितली का?"

त्या दिवशी ती चहा घेऊन व्हरांड्यात आली नाही. त्यालाही खुर्चीत बसवेना. ज्या माणसाच्या रेघेत सव्वीस वर्षांत कधी फरक पडला नव्हता, त्यानं आज भिंत वाढवून सांगितली होती. दुसऱ्या दिवशी कचेरीत बसून त्यानं मेमसाहेबांना पत्र लिहिलं. इंग्रजी त्याचं बेताचंच, पण अक्षर छापल्यासारखं. एक चांगलं गिऱ्हाईक आलं होतं, ते माझ्या बोलण्यामुळं गेलं, मी जाणून तसं बोललो, आमचं मन इथं गुंतलं म्हणून बोललो, आपण सांगाल तर आम्ही आजच निघतो.

आठवड्यानं उत्तर आलं. चार ओळींचं. 'उत्तरेची भिंत १९३१ पासून ओली आहे. पाहुणा लवकर जावा असं वाटलं की मीही त्याला तीच खोली देत असे. घर तुम्हाला आवडलं हे वाचून बरं वाटलं. पुढच्या माणसाला मात्र भिंत आहे तेवढीच सांगा.'

त्यानं ते मेहताबला वाचून दाखवलं. तिनं पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि चहाला आधण ठेवलं.

जूनच्या मध्याला गहिनीनाथ नावाचा ऊस बागायतदार आला. चाळिशीचा, दणकट, पायात करकरणाऱ्या वहाणा. बरोबर त्याची आई रंगुबाई. गहिनीनाथ बन्सीला घेऊन विहीर आणि झाडं पाहायला गेला. रंगुबाई सहा पायऱ्या गुडघ्यावर हात टेकत चढली आणि मेहताबला म्हणाली, "जमीन त्यो बघंल. घर मला दाव बाई."

नूरमहंमद दोघींच्या मागं मागं चालत राहिला. त्याला बोलायला जागाच मिळाली नाही. रंगुबाई विचारायची आणि मेहताब सांगायची. थंडीत ऊन कुठं येतं, कुरडया कुठं वाळतील, धूर कोंडतो का, कुठल्या खिडकीतून वारं आत येतं आणि कुठल्या बाजूनं जातं.

"ही खिडकी जरा अडती," मेहताब म्हणाली. "अशी वर उचलून मग ढकलायची. मग गुमान उघडती. उत्तरंच्या भिंतीला ओल हाय, तिकडं धान्य ठिवू नगा. दुपारी समदं घर तापलं तरी ह्या फरशीवर पाय गार ऱ्हात्यात, बघा."

रंगुबाईनं वहाण काढली आणि फरशीवर पाऊल टेकवून पाहिलं. मग ती मेहताबकडं बारकाईनं पाहू लागली.

"येवढं जीव लावून सांगतीस. तुमीच का न्हाई घेतलं मग?"

मेहताब हसली. "आमी व्हय? आमी राखनीला हाय."

"राखनीच्या मानसाला खिडकी कशी उचलायची ते म्हाईत आसतंय. पाय कुठं गार ऱ्हात्यात ते न्हाई म्हाईत आसत."

कोपऱ्यातल्या खोलीत रंगुबाई खाली बसली ती उठेना. गहिनीनाथ बाग पाहून आला, तेव्हा तिनं त्याला तिथूनच सांगितलं, "जमीन कशीबी असू दे. घर ह्येच."

ती मंडळी गेल्यावर नूरमहंमद पायऱ्यांवर बसला. मग म्हणाला, "मेहताब, घर तूच विकलंस."

"मंग काय करू?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तिनं इचारलं, वारं कुठून येतं. त्या खिडकीनं आपलं काय वाईट केलंय, म्हनून तिच्याबद्दल खोटं सांगू?"

व्यवहार पुरा व्हायला महिना गेला. त्या महिन्यात त्यांनी घराचा एक दिवस वाया घालवला नाही. बागेला पाणी सुटलं, झाडांना पालवी आली आणि जुलैत मोसंबी फुलली. तो वास सकाळी दारं उघडली की सबंध घरात भरायचा, वळकट्यांना, सुरय्याच्या वह्यांना लागायचा. शब-ए-बरातीला, गेलेल्यांची आठवण काढायच्या रात्री, मेहताबनं मेमसाहेबांच्या उंच ओट्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं रांधलं. चण्याच्या डाळीचा हलवा केला, अलीमच्या नावानं फातिहा दिला, बन्सी-छबूबाईकडं ताट पाठवलं.

मेमसाहेब कागदांवर सह्या करायला आल्या. त्यांनी गुलाबांमधली मेथी पाहिली आणि वाकून एक काडी तोडून चावली. घराला एक फेरी मारून, साहेबाच्या थडग्यापाशी जाऊन आल्या. मग नूरमहंमदला म्हणाल्या, "एक वस्तू घेऊन जा. कुठलीही. मला काहीच नेता येत नाही."

त्यानं आरामखुर्ची मागितली.

निघायच्या दिवशी मेहताबनं सगळं घर झाडलं. गहिनीनाथची माणसं येऊन झाडणारच होती, नूरमहंमदनं तसं म्हटलंही. पण ती खोलीमागून खोली झाडत गेली, उत्तरेची ओली खोलीसुद्धा. शेवटी बैलगाडीत तीन वळकट्या, भांडी आणि वर पाय करून ठेवलेली खुर्ची. सुरय्या गाडीत पाठमोरी बसली होती आणि एकदाही मागं वळली नाही.

मेहताब म्हणाली होती तसंच झालं. चाळीतल्या खोल्या लहान झाल्या होत्या. सुरय्याचं कोपर भिंतीला लागायचं, नूरमहंमदचं डोकं फळीला. खुर्ची आत मावलीच नाही. ती बाहेर चाळीच्या ओट्यावर ठेवावी लागली आणि तिथं सगळ्यांची झाली. चपराशीण तिच्यात बसून लसूण सोलायची, कालव्याचं पाणी मोजणारा गेजरीडर पेपर वाचायचा. नूरमहंमदला ती रिकामी सापडायची नाही.

त्या दिवाळीच्या सुमाराला कचेरीत एका नव्या विश्रामगृहाचा नकाशा आला. त्यानं तो नेहमीसारखा उतरवला. साहेबानं पाहिला आणि विचारलं, "हा पूर्वेचा व्हरांडा कुणी सांगितला?" कच्च्यात व्हरांडा नव्हता. नूरमहंमदच्या हातानंच तो काढला होता, खांबांसकट, पायऱ्यांसकट. त्यानं माफी मागितली आणि दुपारभर बसून पात्यानं ती शाई कापडावरून खरवडली.

घरी पुन्हा मीठ, खोकला आणि बाजार एवढंच बोलणं उरलं. पण आता ते टोचायचं. एका संध्याकाळी मेहताबनं भाकऱ्या झाकून ठेवल्या, अंगावर चादर घेतली आणि म्हणाली, "चला, पाटाकडं जाऊन येऊ."

"कशाला?"

"चला तर."

कालव्याच्या काठावरून गाडीवाट जात होती. दोघं त्या वाटेनं चालली. घरं मागं पडल्यावर मेहताब बोलायला लागली. फार मोठं काही नव्हतं. सुरय्या हल्ली आरशापुढं उभी राहते, तिला शाळेतून काढायचं की राहू द्यायचं. पण तिनं पुरतं सांगितलं, आणि त्यानं पुरतं ऐकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मग रोजच जायला लागली. बायकोला घेऊन फिरायला जाणारा मुसलमान कारकून त्या गावानं पाहिला नव्हता. कचेरीत लोक हसले, मशिदीत एका बुजुर्गानं बाजूला घेऊन समजावलं. नूरमहंमदनं मान डोलावली आणि संध्याकाळी पुन्हा चादर घेऊन उभ्या असलेल्या बायकोबरोबर निघाला. सत्तेचाळीस साली त्याच्या चुलतभावाचं कराचीहून पत्र आलं, तुम्हीही या, इथं नकाशे काढणारे हवे आहेत म्हणून. जायचं की नाही याचा विचार त्या काठावर पंधरा दिवस चालला. शेवटी मेहताबनं विचारलं, "तिकडं अलीमची कबर हाय का?" ती बेलापुरात होती. पत्राला नकार गेला.

एवढं चालून ती दोघं नेहमी एका ठिकाणाहून मागं फिरत. तिथं कालवा वळतो. वळणापलीकडं गेलं की आलमबागेची कौलं दिसतात. ते कधी ठरवलं नव्हतं, पण तीन वर्षांत त्यांनी ते वळण ओलांडलं नाही. मोसंबी फुलायच्या दिवसांत वास तिथपर्यंत यायचा. तेव्हा ती जरा जास्त वेळ उभी राहत, इतकंच.

एकोणपन्नासच्या हिवाळ्यात सुरय्याचं लग्न ठरलं. ती सातवी पास झाली होती, मुलगा नगरला उर्दू शाळेत मास्तर होता. स्टेशनाजवळच्या पेठेत, ज्याला आता सगळे श्रीरामपूर म्हणायला लागले होते, तिथं जाऊन नूरमहंमद निमंत्रणपत्रिका छापून घेऊन आला. मेहताबनं त्यातली एक बाजूला काढली.

"ही रंगुबाईला. आपन दोघांनी द्यायाची."

त्या संध्याकाळी वळणापाशी नूरमहंमदचे पाय आपोआप थांबले. मेहताब थांबली नाही. मग तोही निघाला.

पश्चिमेचा व्हरांडा विटांनी बंद करून तिथं बियाण्याची पोती लावली होती. समोर म्हशी बांधल्या होत्या. गुलाब गेले होते, पण त्या जागी मेथीचे नीटस वाफे होते. रंगुबाई पूर्वेच्या व्हरांड्यात बसली होती. तिनं लांबूनच ओळखलं आणि "राखनीवाली आली का," म्हणून हाक मारली. पत्रिका तिनं कपाळाला लावली, लग्नाला यायचं कबूल केलं, दूध पाजलं. मग मेहताबला म्हणाली, "जा, आत जाऊन ये. मला काय दावाया लागत न्हाई तुला."

मेहताब एकटीच आत गेली. नूरमहंमद व्हरांड्यात बसून राहिला, त्याला कुणी बोलावलं नाही आणि तोही उठला नाही. ती लवकरच बाहेर आली.

परत येताना अर्धी वाट मागं पडली. मग त्यानंच विचारलं, "काय पाहिलंस?"

"काय न्हाई. त्या कोपऱ्यातल्या खोलीत रंगुबाई निजती. पलंग आडवाच टाकलाय. सकाळी ऊन नीट तोंडावर येत आसंल."

"सांगितलंस तिला?"

"सांगितलं की निघताना. म्हनली, मुद्दामच टाकलाय तसा."

नूरमहंमद हसला. मेहताबही जरा हसली, चादर सावरली आणि मांडवासाठी कनाती कुणाकडून आणायच्या ते विचारू लागली. चाळ यायला अजून मैलभर होतं. दोघं बोलत बोलत सावकाश चालली होती.